अभय कुणी द्यायचे?

शिकागो शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत अशा वस्त्या आहेत, जिथल्या मुलाला शाळेला निघताना दप्तराबरोबर रस्त्यांचा सगळा हिशेबही डोक्यात घेऊन निघावे लागते. कोणता चौक कोणत्या टोळीचा, कालच्या भांडणानंतर आज कोणत्या गल्लीने जाणे बरे, कोणत्या कोपऱ्यावर थांबू नये, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ होते. या शहरातल्या सरकारी शाळांत मुलांना आणि शिक्षकांना कितपत सुरक्षित वाटते, याविषयी शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन केंद्राने २०११ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. गुन्हेगारी आणि गरिबी जास्त असलेल्या वस्त्यांतून जिथे मुले येतात, त्या शाळांत भीतीही जास्त असते, हे त्यात होतेच, आणि ते सांगायला अहवालाची गरज नव्हती. खरी गोष्ट पुढे होती. शाळाशाळांमधला फरक कशामुळे पडतो हे तपासताना सर्वांत जास्त वजन पडले ते माणसांमधल्या संबंधांचे: शिक्षक आणि मुले यांच्यात, शिक्षक आणि पालक यांच्यात विश्वास किती आहे याचे. बिकट वस्तीतली, पण हे संबंध घट्ट असलेली शाळा मुलांना सुस्थितीतल्या भागातल्या विसविशीत शाळेपेक्षा अधिक सुरक्षित वाटत होती. बाहेरचा चौक तोच होता आणि टोळ्याही त्याच होत्या, तरी दाराच्या आत मुलाच्या मनात काहीतरी वेगळे घडत होते.

शिक्षणतज्ज्ञ या निष्कर्षातून धोरण काढतील आणि ते त्यांनी काढावेच. पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. बाहेरचा धोका बदलला नाही आणि मुलाला मात्र सुरक्षित वाटू लागले, तर त्या वाटण्याला काय म्हणायचे? व्यवहारी माणूस म्हणेल, हा भ्रम. गोळी काही शिक्षकाचे प्रेम बघून वळत नाही. अध्यात्माकडे कल असलेला म्हणेल, भीती मनातच असते, मन निवले की ती गेली, यात नवल ते काय. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात, आणि गंमत अशी की दोघांचीही चूक एकच आहे. सुरक्षितता म्हणजे एकट्या माणसाची अवस्था, असे दोघेही धरून चालतात. एक ती त्याच्या शरीराभोवती मोजतो, दुसरा त्याच्या मनात. माझे म्हणणे असे की सुरक्षितता हे मुळात माणसामाणसांमधले एक नाते आहे. माझ्यावर काही बेतले तर त्याचा जाब कोणालातरी द्यावा लागेल आणि तो माणूस त्यासाठी उभा राहील, हा तो भरवसा. भरवसा खरा असू शकतो तसा खोटाही असू शकतो, म्हणून त्याला नुसती भावना म्हणून उडवून लावता येत नाही. आणि तो खरा ठरवण्याची जबाबदारी मुलाची नसते, देणाऱ्याची असते.

आधी भीतीचे स्वरूप नीट पाहू. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञाने २०१० साली शिकागोतल्याच मुलांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या संशोधन प्रकल्पात वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलांच्या शब्दसंग्रहाच्या आणि वाचनाच्या चाचण्या घेतल्या गेल्या होत्या. कोणत्या मुलाची चाचणी कोणत्या दिवशी झाली याची नोंद होती, आणि खून कुठे व केव्हा झाला याची नोंद पोलिसांकडे होती. शार्कीने दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या. घराच्या अगदी जवळच्या परिसरात खून झाल्यानंतर आठवड्याभरात ज्या कृष्णवर्णीय मुलांची चाचणी झाली, त्यांचे गुण त्याच परिसरातल्या, पण वेगळ्या वेळी तपासल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी आले. फरक किरकोळ नव्हता, अर्ध्या प्रमाण विचलनाइतका किंवा त्याहून जास्त होता. मुलाने तो प्रकार डोळ्यांनी पाहिला होता की नाही, याचा इथे हिशेबच नव्हता. घराजवळ तो घडला एवढेच पुरे होते. म्हणजे हिंसा ज्याला लागते त्याच्यापुरती राहत नाही. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने हे ओळखले होते. १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये तो सांगतो की युद्ध म्हणजे केवळ प्रत्यक्ष लढाई नव्हे. लढाई केव्हाही जुंपेल अशी स्थिती आणि तसे होणार नाही याची शाश्वती नसणे, हा सगळा काळच युद्धाचा. त्यासाठी तो हवामानाचा दाखला देतो: एखाददुसरी सर आली म्हणून पावसाळी दिवस ठरत नाहीत, दिवसच्या दिवस आभाळ भरून राहते तेव्हा ठरतात. शिकागोच्या त्या मुलांवर प्रत्यक्ष सर कोसळलीच पाहिजे असे नाही, आभाळ त्यांच्या डोक्यावर रोजच आहे. आणि वाचनाचा उतारा त्यांना त्या आभाळाखाली बसूनच सोडवावा लागतो.

हॉब्जचा उपाय मात्र मला इथे तोकडा वाटतो. सर्वांना धाक घालील अशी एक सत्ता उभारा म्हणजे परस्परांची भीती जाईल, हा तो उपाय. भीतीवर उतारा म्हणून त्याहून मोठी भीती. आपल्याकडच्या परंपरेने या प्रश्नाचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे आणि तो इथे कामाला येतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी सुरू होते ती अभयापासून. सत्य, अहिंसा, दया हे सगळे त्याच्या मागून येतात. बृहदारण्यक उपनिषदात आरंभीच्या एकाकी पुरुषाला भीती वाटते, आणि मग आपल्याखेरीज दुसरे कोणी नाहीच तर भ्यायचे कोणाला, या विचाराने ती जाते. भीती दुसऱ्यापासून उपजते, असा त्याचा निष्कर्ष. यावरून कोणी असा आक्षेप घेईल की खरे अभय आतूनच यायला हवे. शिक्षक, समुपदेशक, रस्त्यावरचा राखणदार यांच्या आधाराने आलेले अभय परावलंबी, आणि परावलंबी म्हणून कच्चे. आक्षेप वजनदार आहे. पण ज्याला दुसरा उरलाच नाही त्या ज्ञात्याची ही गोष्ट आहे. बारा वर्षांच्या मुलाला दुसरा आहे, कोपऱ्यावर उभा आहे, आणि त्याच्या खिशात काय आहे ते मुलाला ठाऊक आहे. त्याला अद्वैताचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल. शिवाय ज्या परंपरेचा आधार या आक्षेपाला आहे, तिच्यातच दुसरी बाजूही आहे. संन्यास घेणारा माणूस दीक्षेच्या वेळी सर्व भूतांना अभय देतो, माझ्यापासून कोणालाही भय नसो असा संकल्प करतो. अभयाची प्राप्ती नंतरची, आधी ते द्यायचे.

हाच विचार बौद्ध परंपरेत आणखी स्वच्छ मांडलेला आहे. अंगुत्तर निकायात पंचशीलाचे वर्णन महादान म्हणून येते. जो हिंसेपासून दूर राहतो तो असंख्य प्राण्यांना निर्भयता देतो आणि ती दिल्यामुळे त्याच निर्भयतेचा वाटेकरी होतो. जैन विचारातही दानांमध्ये अभयदानाला फार वरचे स्थान आहे. या मांडणीत अभय हा एकट्याच्या मनाचा गुण राहत नाही. ते एकाने दुसऱ्याला दिलेले, आणि दिल्याने दोघांत वाटले जाणारे असे काही होते. हे निव्वळ धर्मग्रंथातले सुभाषित नाही, याला शिकागोतच पुरावा आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात शहरातल्या ३४३ परिसरांची आणि ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींची पाहणी मांडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास किती, आणि पोरे शाळा बुडवून कोपऱ्यावर घुटमळताना दिसली किंवा भिंती रंगवताना दिसली तर लोक मध्ये पडतील का, असे त्यांचे प्रश्न होते. जिथे लोक मध्ये पडायला तयार होते तिथे, गरिबी आणि इतर गोष्टी हिशेबात धरूनही, हिंसा कमी होती. दुसऱ्याच्या पोराला ‘काय रे, शाळा नाही का?’ असे विचारणारी बाई त्या पोरावर उपकार करते, हे तर दिसतेच. पण तिचा स्वतःचा रस्ताही त्याच प्रश्नाने थोडा निर्धास्त होतो. वाटेकरी होणे म्हणतात ते हे.

शाळेचा आधार म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणातून जवळून पाहण्यासारखे आहे. शिकागोत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा एक उपक्रम ‘यूथ गायडन्स’ ही संस्था शाळांमध्ये चालवते. आठवड्यातून एकदा, शाळेच्या वेळेतच, दहा-पंधरा मुलगे एका प्रौढ माणसाबरोबर गोल करून बसतात. पहिल्या काही बैठकांमधला एक खेळ असा: मुलांच्या जोड्या लावायच्या, एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचे की तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून तो काढून घे. खोलीत एकच झटापट उडते. मनगटे पिरगाळली जातात, बोटे उचकटली जातात, एखादी जोडी जमिनीवर लोळते. मग भूमिका बदलायच्या आणि पुन्हा तीस सेकंद, पुन्हा तेच. शेवटी तो माणूस शांतपणे विचारतो: चेंडू मागितला कोणी? बहुधा कोणीच मागितलेला नसतो. का नाही, असे विचारले की मुले सांगतात, त्याने दिलाच नसता, किंवा मला भित्रा समजला असता. मग चेंडू ज्याच्या हातात होता त्याला विचारले जाते, याने मागितला असता तर? आणि तो म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. या उत्तरात एक अख्खा नीतिविचार आहे. दोघांपैकी कोणीही क्रूर नव्हता. दोघांनी एकमेकांना दुष्ट धरून चालायचे ठरवले होते आणि ते ठरवणे रस्त्याने त्यांच्या अंगात मुरवले होते. हॉब्जचे भरलेले आभाळ ते हेच. फरक इतकाच की इथे ते विरायला मोठी सत्ता लागली नाही. चुकले तरी ज्याच्यासमोर मान खाली जाणार नाही असा एक मोठा माणूस आणि एक निवांत तास एवढे लागले.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. मुलाला असे सैल करणे धोक्याचे नाही का? शाळेत विश्वास शिकला आणि बाहेर जाऊन त्याच विश्वासाने वागला, तर तो मार खाईल. सावधपणा हेच त्या वस्तीतले चिलखत आहे आणि ते उतरवणे म्हणजे त्याला निःशस्त्र करणे. हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा त्या वस्तीतलेच आई-बाप असतात, म्हणून तो हलक्यात घेता येत नाही. पण या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की तो मुलांना ‘कधीच मारामारी करू नका’ असे सांगत नाही. रस्त्यावर माघार घेणारा रोज लुबाडला जातो, हे तो मान्य करतो. तो शिकवतो ते थांबून पाहायला: आत्ता मी कुठे आहे, समोर कोण आहे, इथे कोणते वागणे बरोबर. रस्त्यावर उपयोगी पडणारी झटकन उसळण्याची सवय वर्गात बाईंनी टोपी काढायला सांगितल्यावर घात करते. भीती नसलेला माणूस शूर असतोच असे नाही, तो नुसता बेभानही असू शकतो, हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. कशाला, केव्हा आणि किती भ्यायचे हे कळणे, यात त्याने धैर्य पाहिले. त्या अर्थाने जिथे भ्यायला नको अशी एक जागा अनुभवाला आल्याशिवाय भीती पारखता येत नाही. ज्याला सगळीकडेच धोका दिसतो त्याला खरा धोका वेगळा ओळखता येत नाही. शाळेतले अभय मुलाचे चिलखत काढून घेत नाही, ते केव्हा चढवायचे हे त्याच्या हाती देते. आणि मुलेही आपण समजतो तितकी भोळी नसतात. २०११ च्या त्या अहवालात मुलांची भीती शाळाभर सारखी पसरलेली नव्हती. वर्गात ती सर्वांत कमी होती, जिने-व्हरांडे आणि स्वच्छतागृहांत जास्त, आणि शाळेबाहेरच्या रस्त्यावर सर्वांत जास्त. म्हणजे मोठ्या माणसाची नजर जिथे पोचत नाही तिथे. मुलांची भावना वस्तुस्थितीला धरून होती. भ्रम असलाच तर तो जिन्याच्या वळणावर कोणी नसतानाही शाळा सुरक्षित आहे असे समजणाऱ्या मोठ्यांचा.

दुसरा आक्षेप पुराव्याविषयीचा आहे. ज्या शाळेत संबंध चांगले तिथे मुलांना सुरक्षित वाटते. पण मुळात शांत मुले आली म्हणून संबंध चांगले झाले असतील तर? कारण आणि परिणाम उलटे लावले जात नाहीत ना? ही शंका रास्त आहे, आणि त्याच अहवालाने तिला थोडे बळही दिले आहे, कारण अभ्यासात मागे पडलेली मुले ज्या शाळांत जास्त येतात तिथे असुरक्षितता जास्त, आणि हा संबंध वस्तीतल्या गुन्हेगारीपेक्षाही ठळक, असे त्यात दिसते. पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. तो झाला आहे. ‘बिकमिंग अ मॅन’मध्ये कोणत्या मुलांना जागा द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले आणि जागा मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपक्रमाच्या काळात सहभागी मुलांच्या एकूण अटका २८ ते ३५ टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. शिक्षेऐवजी समेटाच्या पद्धती शिकागोच्या माध्यमिक शाळांत आणल्यावर काय झाले, याचाही अभ्यास २०२३ साली पुढे आला. निलंबने कमी झाली, अटका सुमारे एक-पंचमांशाने घटल्या आणि शाळेतल्या वातावरणाविषयी मुलांचे मत सुधारले. शेवटचा भाग मला विशेष वाटतो. शिक्षा सैल केली की शिस्तीत राहणाऱ्या मुलांचा जीव टांगणीला लागेल, ही नेहमीची भीती त्या अभ्यासात खरी ठरली नाही.

मग दारावरचे यंत्र आणि व्हरांड्यातला पोलीस यांचे काय? यंत्राचा निकाल मला फारसा अवघड वाटत नाही. शाळांतल्या मेटल डिटेक्टरवरच्या पंधरा वर्षांतल्या संशोधनाचा एक आढावा २०११ साली आला. त्याने हिंसा कमी होते असे म्हणण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही आणि काही अभ्यासांत तर अशा शाळांतल्या मुलांना उलट कमी सुरक्षित वाटत होते. याचे कारण तांत्रिक नसून नैतिक आहे. यंत्र मुलाला रोज सकाळी विचारते की तू निर्दोष कशावरून. कमरेचा पट्टा काढून, दप्तर उघडून, हात वर करून त्याने ते सिद्ध करायचे आणि मगच आत जायचे. अभय देणारा आधी पुरावा मागत नाही. तपासणीने एखादे वेळी सुरा सापडेल, तो सापडायलाही हवा. पण तिला सुरक्षिततेचा पाया म्हणता येत नाही, कारण ती ज्या मुलाला राखायचे त्यालाच संशयिताच्या रांगेत उभे करते. पोलिसाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. शिकागोत १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला निवडून आलेली स्थानिक समिती मिळाली, तिच्यात पालकांचा भरणा असतो. २०२० साली, देशभर पोलिसांविरुद्ध संताप उसळला असताना, शाळेत पोलीस ठेवायचे का याचा कौल या समित्यांकडे आला, तेव्हा बहुसंख्य समित्यांनी ते ठेवण्याच्या बाजूने मत दिले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षण मंडळाने शाळांतले पोलीस काढून घेण्याचा निर्णय केला. पालकांना मागासलेले ठरवून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही. पोलीस नको म्हणणे सोपे आहे, त्याच्या जागी कोण उभे राहणार हे सांगणे अवघड आहे. जागा रिकामी ठेवली तर ती टोळी भरून काढते, हे त्या पालकांना कोणी शिकवायला नको.

जागा कोणी भरायची याचे एक उत्तर शिकागोच्या रस्त्यांवर २००९ पासून दिसते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये शहराच्या दक्षिण टोकाच्या एका माध्यमिक शाळेचा सोळा वर्षांचा विद्यार्थी शाळा सुटल्यावर घरी जाताना दोन गटांच्या मारामारीत सापडला आणि जिवे मारला गेला. त्यानंतर ‘सेफ पॅसेज’ नावाची व्यवस्था उभी राहिली. वस्तीतलीच माणसे, कोणाची आजी, कोणाचा मामा, चमकत्या रंगाची जाकिटे घालून शाळा भरताना आणि सुटताना ठरलेल्या चौकांवर उभी राहतात. त्यांच्याकडे हत्यार नसते, त्यांना अटक करता येत नाही. मुलांना नावाने हाक मारणे, कुठे काही शिजते आहे असे दिसले तर कळवणे, हेच काम. या मार्गांवरच्या गुन्ह्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि २०१९ साली त्यांनी मांडलेल्या अंदाजानुसार तिथली हिंसक गुन्हेगारी सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली होती. ज्याला भ्रम म्हटले जात होते त्याने रस्त्यालाच थोडे बदलले. भरवसा आधी, वस्तुस्थिती मागून. व्यवहारी माणसाला मी हेच उत्तर देईन: माणसांमधले नाते काही गोळी वळवत नाही, पण ती झाडली जाण्याची वेळ टाळू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे अभय कोणी द्यायचे, आणि ते दान आहे की देणे? इथे मला धर्मपरंपरेपासून एक पाऊल बाजूला जावे लागते. अभयदान हा शब्द उदार आहे, पण त्यात देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला उपकाराचे ओझे अशी वाटणी असते. शाळेच्या बाबतीत ती लागू होत नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. इलिनॉय राज्यात ६ ते १७ वर्षांच्या मुलाने शाळेत जाणे कायद्याने सक्तीचे आहे. धोक्याच्या रस्त्यावरून मोठा माणूस जाणे टाळू शकतो, काम बदलू शकतो, वेळ बदलू शकतो. मुलाला राज्यच सांगते की रोज ठरलेल्या वेळी या रस्त्याने ये, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी परत जा. ज्याने सक्तीने बोलावले त्याच्यावर वाटेतल्या राखणीचा बोजा आपोआप येतो. मनुस्मृतीविषयी माझे काही फार प्रेम नाही. पण करापोटी धान्याचा सहावा हिस्सा घेऊन प्रजेचे रक्षण न करणारा राजा तिच्या पापाचा धनी होतो, एवढे त्या ग्रंथातही सांगितले आहे. कर घेणे आणि मूल मागणे यांत मूल मागणे मोठे. म्हणूनच २०१३ साली शिकागोने एका फटक्यात सुमारे पन्नास शाळा बंद केल्या, तो निर्णय मला केवळ आर्थिक वाटत नाही. पटसंख्या घटली, तिजोरीत खड्डा पडला, ही कारणे खोटी नव्हती. पण बंद झालेल्या शाळा प्रामुख्याने दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या होत्या, त्यांतली मुले बहुतांश कृष्णवर्णीय होती आणि सुमारे १२,००० मुलांना दुसरी शाळा गाठावी लागली. त्यासाठी टोळ्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतील, ही आई-बापांची पहिली तक्रार होती. मग ‘सेफ पॅसेज’चे मार्ग वाढवले गेले, शेकडो नवी माणसे नेमली गेली. मार्ग मिळाला हे बरेच झाले. पण ज्या बाईंना मूल चार वर्षे ओळखत होते, ज्या शिपायाला त्याच्या घरचा पत्ता पाठ होता, त्यांची बदली भरून देणारी कोणतीही तरतूद अंदाजपत्रकात नसते. नाती मोजली जात नाहीत म्हणून ती मोडताना खर्चही दिसत नाही.

यावर शेवटचा आणि मला सर्वांत खरा वाटणारा आक्षेप शिक्षकांचा आहे. घरे पडकी, कामधंदा गेलेला, बंदुका मुबलक, हे सगळे शहराने आणि देशाने करून ठेवायचे, आणि मग शाळेने प्रेमाने ते भरून काढायचे? मुलांच्या चिवटपणाचे कौतुक करणारी भाषा अशा वेळी सोयीची पडते, कारण मूल चिवट ठरले की त्याच्यावर आलेल्या परिस्थितीचा जाब कोणी देत नाही. हे शंभर टक्के बरोबर आहे. शाळेतला विश्वास बंदुकांच्या कायद्याची जागा घेऊ शकत नाही, घरभाड्याची तर नाहीच. मात्र त्यावरून ‘आधी वस्ती सुधारा, मग शाळेचे बघू’ असे निघत नाही. वस्ती सुधारायला वीस वर्षे लागतील आणि आज सातवीत असलेला मुलगा वीस वर्षे सातवीत थांबणार नाही. देणे मोठे आहे म्हणून त्यातला आज देता येणारा हिस्सा थकवावा, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आणि तो हिस्सा एकदाच देऊन फिटत नाही, हेही त्याच संशोधनातून कळते. ‘बिकमिंग अ मॅन’मधल्या मुलांच्या अटका घटल्या त्या मुले आठवड्याला गोलात बसत होती तोवर. उपक्रम संपल्यावर अटकांमधला फरक टिकला नाही. काहींनी यावरून उपक्रम फसला असे म्हटले. मला उलट दिसते. ती मुले काही मंत्र शिकून गेली नव्हती. एक माणूस त्यांच्यासाठी दर आठवड्याला हजर होता आणि नंतर तो नव्हता. म्हणून शाळेच्या खर्चाला कात्री लावायची वेळ येईल तेव्हा समुपदेशकाचे पद आणि चौकात उभ्या राहणाऱ्या त्या बाईचा पगार यांना सर्वांत शेवटी हात लागला पाहिजे, दारावरच्या यंत्राच्याही नंतर.